तिची मर्जी ओळखायची कशावरून?

'बेबी वन मोअर टाइम'चा व्हिडिओ तुम्ही कधीतरी पाहिलाच असेल. शाळेचा कॉरिडॉर, गणवेश, पोटावर गाठ मारलेला शर्ट. १९९८ साली तो आला तेव्हा ब्रिटनी स्पीअर्स सोळा वर्षांची होती. हे सगळं कुणातरी पन्नाशीच्या पुरुषाच्या डोक्यातून निघालं असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. पण दिग्दर्शक नायजेल डिकने पुढे सांगितलं की त्याची मूळ कल्पना वेगळीच होती. शाळा सुचवली ब्रिटनीने.

आता दुसरं चित्र. २०१३ ते २०१७, लास व्हेगास. 'पीस ऑफ मी', जवळपास अडीचशे प्रयोग. तिशी ओलांडलेली बाई, मागे नर्तकांचा ताफा, सगळं तालात. 'स्वतःच्या अटींवर जगणारी स्टार' म्हटलं की डोळ्यांसमोर हेच येतं. प्रत्यक्षात २००८ पासून ती कंझर्व्हेटरशिपखाली होती, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या पालकत्वाखाली, आणि त्यात मुख्य होते तिचे वडील. पैसे, करार, औषधोपचार, सगळ्यावर सही दुसऱ्यांची. स्वतःचे निर्णय घ्यायला असमर्थ, पण स्टेजवर रात्रीमागून रात्री नाचायला एकदम समर्थ!

जिथे ती मला बाहुली वाटली तिथे कल्पना तिची होती, आणि जिथे मालकीण वाटली तिथे दोरी दुसऱ्याच्या हातात. मग पडद्यावर बघून आपण नेमकं काय ओळखतो?

शिवाय कल्पना तिची होती म्हणून विषय संपत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला वर्गात कंटाळून नाचावंसं वाटलं, इथपर्यंत ठीक. पण १९९९ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर ती अंतर्वस्त्रांत पलंगावर पडलेली दिसते, काखेत लहान मुलांचा टेलिटबी. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. 'तिचीच तर मर्जी होती' हे वाक्य इथे कुणाच्या सोयीचं आहे? मला वाटतं, बघणाऱ्याच्या. मर्जी असेल तर निवांत बघता येतं. नसेल तर हळहळत, पण बघणं चालूच. (मीही त्यातलीच.)

तिने काय घातलं, यापेक्षा तिला 'नाही' म्हणता येत होतं का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २३ जून २०२१ला ती कोर्टासमोर बोलली. तिने सांगितलं, की सरावात एका डान्स-मूव्हला आपण नकार दिला आणि त्यानंतर आपल्याला लिथियम सुरू केलं गेलं. एक स्टेप नको म्हणणं हे आजाराचं लक्षण! आणखी मूल हवं होतं, पण गर्भनिरोधक साधन काढू दिलं जात नाही, हेही तिने तिथेच सांगितलं. असल्या गोष्टी कुठल्या व्हिडिओत दिसणार?

नोव्हेंबर २०२१मध्ये पालकत्व संपलं. आता ती घरात, हॉलमध्ये एकटीच गिरक्या घेत नाचते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. काजळ फिसकटलेलं, कॅमेरा हललेला. आणि खाली कमेंट्स : हिला कुणीतरी मदत करा. जानेवारी २०२३मध्ये तिने अकाउंट बंद केलं, तर चाहत्यांनी काळजीपोटी तिच्या घरी पोलीस पाठवले.

काळजी खरी असेलही. पण व्हेगासच्या त्या चार वर्षांत, जेव्हा सगळं चकाचक होतं, तेव्हा तिची काळजी फार थोड्यांना वाटली. मलाही वाटली नव्हती. तिचे ते घरातले व्हिडिओ मात्र मी अजूनही पूर्ण बघू शकत नाही. दहा सेकंदांत अंगठा वर सरकतो.