घेण्यास नकार

पोस्टमन दिसला की मागल्या दारानं पळायला तू काय कर्जबुडवा आहेस? सरकारी माणूस आहेस. तलाठी आहेस, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात तो. रजिस्टर पाकीट दारात आलं आणि तू घरात बसून बायकोकडून निरोप दिलास, ‘बाहेरगावी गेलेत.’ पोस्टमन गावातलाच. पायरीवरची तुझी चप्पल त्याला ओळखू येत नाही? त्यानं पाकिटावर निळ्या पेननं लिहिलं, ‘घेण्यास नकार’. खाली तारीख, खाली सही. झालं. कायद्याच्या हिशेबी ते पाकीट तुला पोचलं. आत काय लिहिलंय ते मात्र तुलाच ठाऊक नाही.

आणि हे मला काल औंढ्याला येऊन वर कौतुकानं सांगतोस? ‘गुरुजी, वकील म्हणाला पाकीट घेऊच नका.’ कोण वकील? फी दिलीस? वकीलपत्र केलंस? की चहाच्या टपरीवर भेटलेला कोणी? माझ्या ओसरीवर बसून खात्याच्या परीक्षेचा अभ्यास केलास, तेव्हा शिस्त व अपील नियम तुला तोंडपाठ होते. १९७९ चे ते नियम. चौथा निलंबनाचा, पाचवा शिक्षांचा, आठवा मोठ्या शिक्षेच्या चौकशीचा. बाकीची पोरं अडखळायची, तू धडाधड म्हणायचास. ते पाठांतर दुसऱ्यांची चौकशी लागल्यावर सल्ले द्यायला होतं का?

दोषारोपपत्र तर या पाकिटाआधीच, निलंबनानंतर ७१ व्या दिवशी, तुझ्या हातात पडलं. म्हणजे खात्यानं मुदत पाळली. निलंबन करून दोषारोपपत्राशिवाय माणसाला महिनोन्महिने लटकत ठेवू नका, तीन महिन्यांत ते द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलं. त्यावरून महाराष्ट्र शासनानं ९ जुलै २०१९ ला शासन निर्णय काढला. खातं जागं राहिलं. झोपलास तू. उत्तराला दहा दिवस होते. दहा गेले, वीस गेले, महिना गेला. कागद काल पिशवीतून काढलेस तेव्हा त्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. जोडपत्र चारची टाचणी जागेवर. एकदाही वाचलं नाहीस?

मी वाचलं. रात्री दीडपर्यंत वाचलं. आता ऐक.

तीन दोषारोप आहेत. पहिला, वारस नोंदीचा फेरफार धरताना मयताच्या मुलीला नोटीस दिली नाहीस. दुसरा, त्या नोंदीसाठी पैसे घेतलेस. तिसरा, ‘कामात वेळोवेळी हलगर्जीपणा केला’.

पहिल्याचं बोलू. डोळ्यात डोळे घालून सांग, नोटीस दिली होतीस? काल विचारलं तर म्हणालास, ‘भाऊ म्हणाले तिची हरकत नाही.’ भावांना कोणी विचारलं? महसूल अधिनियमाचं कलम १५० काय सांगतं? नोंदीची प्रत चावडीवर लाव. ज्यांचा ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या प्रत्येकाला लेखी कळव. हरकतीला १५ दिवस थांब. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. हे शेंबडं पोरही सांगेल. आपल्या मावळात, जिथं औंढ्यापासून पवनेच्या धरणापर्यंत बंगलेवाले एकेका गुंठ्यावर डोळा लावून बसलेत, तिथं एका बाईचं नाव सुटणं म्हणजे काय हे तुला कळत नाही? ती म्हातारी सातबाऱ्याचा उतारा घेऊन आली तेव्हा तिला कळलं की बापाच्या जमिनीत ती जन्मलीच नव्हती. तिला कोणी विचारलं नाही, हीच तिची तक्रार आहे. जमीन हवी असं तिनं अर्जात कुठंही लिहिलेलं नाही. पुन्हा वाच तो अर्ज. ‘मला कळवले नाही’, तीनदा लिहिलंय.

आता तुझं बघ. तुला कळवायला सरकार दारात आलं. पोस्टाचा खर्च करून, पोच जोडून. आणि तू दार लावून घेतलंस! जी नोटीस तिला मिळाली असती तर तिनं धावत येऊन घेतली असती, ती तुझ्याकडे चालत आली तर तुला नको. लाज वाटली पाहिजे.

‘सगळेच तसं करतात’ हे पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. बाकीच्या सजांत काय चालतं ते दोषारोपपत्रात लिहिलेलं नाही. तुझं नाव लिहिलंय.

म्हणून पहिला दोषारोप कबूल कर. सरळ. ‘नोटीस काढण्यात माझ्याकडून चूक झाली’ एवढं लिहायला हात थरथरतो? नियमात प्रत्येक दोषारोपाला वेगळं उत्तर द्यायची सोय आहे, ती याचसाठी. जे केलं ते मान्य, जे केलं नाही ते अमान्य.

कारण दुसरा दोषारोप खोटा आहे. असं तू म्हणतोस, आणि माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला चौकशीत कोण विचारतो? साक्षीदारांची यादी पाहिलीस? पैशाबद्दल एकच साक्षीदार, आणि त्याच्या जबाबात काय आहे? ‘असे ऐकले.’ कोणाकडून ऐकलं, कधी, किती, कुठं, काही नाही. उलटतपासणीत चार प्रश्न विचारले तर हा दोषारोप उभा राहत नाही. चार प्रश्न! ते विचारायला तिथं कोणीतरी हवं ना? सहकाऱ्याला बचाव सहायक म्हणून नेता येतं. कोणाला विचारलंस? कोणालाच नाही. गावभर तोंड लपवत फिरलास.

काल वर मलाच ऐकवलंस, ‘गुरुजी, एकतर्फी चौकशीतही खात्याला पुराव्यानं सिद्ध करावंच लागतं.’ बरोबर आहे. उत्तर प्रदेशाच्या सरोजकुमार सिन्हा प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. म्हणजे वाचन आहे तुझं. मग हे का उमगत नाही की रिकाम्या खुर्चीसमोर साक्षीदार ‘ऐकले’ ऐवजी ‘पाहिले’ म्हणाला, तर त्याला अडवणार कोण? शिवाय इथं फौजदारी खटल्यासारखं निःसंशय सिद्ध व्हायला लागत नाही. शक्यतेचं पारडं झुकलं की पुरे. रिकाम्या खुर्चीकडे ते कधी झुकत नाही.

तिसरा दोषारोप तर हवेतला आहे. ‘वेळोवेळी’ म्हणजे कधी? तारीख नाही, गाव नाही, प्रकरण क्रमांक नाही. अशा मोघम दोषारोपाला उत्तर देणं कोणालाच शक्य नाही, हे १९७० पासून न्यायालयांनी सांगून ठेवलंय. एका ओळीचा अर्ज, ‘तपशील द्यावा’. मोघम लिहिणाऱ्याची चूक आहेच, मी ती झाकणार नाही. पण ती दाखवून कोण देणार? मी?

आता तुझा लाडका शब्द. मॅट. ‘काही झालं तर मॅटला जाऊ.’ अरे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आधी विचारतं, खात्यात अपील केलंस का? त्याला ४५ दिवसांची मुदत. ती तू पाळशील? नंतर ते तपासतं चौकशी नीट झाली का, संधी मिळाली का. पुरावा नव्यानं तोलायला ते बसलेलं नसतं; १९९५ च्या चतुर्वेदी प्रकरणापासून हे पक्कं आहे. संधी मिळाली का, याचं उत्तर फाईलमध्ये कोणत्या कागदावर असेल? ‘घेण्यास नकार’. एवढा एक कागद तुला पुरेल.

ही संधी आपल्याला आयती मिळालेली नाही रे. राज्यघटनेत ३११ वं कलम आलं, तरी त्यातल्या ‘वाजवी संधी’चा अर्थ पहिल्यांदा नीट उलगडला १९५७ मध्ये, खेमचंद नावाच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात. तो भांडला म्हणून. घनश्यामदास श्रीवास्तव मध्य प्रदेशातला, निलंबित, निर्वाह भत्ता मिळेना. पाचशे किलोमीटरवर चौकशीला जायला भाडं नव्हतं. १९७३ मध्ये न्यायालयानं म्हटलं, ही संधीच नव्हे. आपल्या राज्यात नियम असा होता की शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याला अपील चालू असेपर्यंत निर्वाह भत्ता महिन्याला एक रुपया. एक रुपया! चंद्रभान ताले त्याविरुद्ध उभे राहिले, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मोडीत काढला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबई बंदराच्या नाडकर्णींच्या प्रकरणात ठरलं की समोर कायदा जाणणारा सादरकर्ता असेल तर कर्मचाऱ्यालाही वकील द्यावा. घनश्यामदासकडे भाड्याला पैसे नव्हते. तुझ्या दारात मोटरसायकल उभी आहे आणि चौकशी तालुक्याच्या गावी आहे.

भत्ता तू महिन्याच्या महिन्याला घेतोस. तीन महिन्यांनी वाढेल असा हिशेबही मांडून बसलास. लांबण तुझ्यामुळे लागली तर तो कमीही होतो, हे त्याच नियमात आहे. ते पान उलटलं नाहीस?

आणि ‘साहेबांशी बोलणं झालंय, मिटेल’ हे तर बोलूच नकोस. साहेब बदलून जातील. फाईल राहील.

काढून टाकणं आणि बडतर्फी यातला फरक तू मला घडाघडा सांगायचास. पहिलीत पुढच्या सरकारी नोकरीची वाट बंद होत नाही, दुसरीत साधारण होते. पहिल्या दोषारोपापुरती खरी चूक कबूल केलीस तर ठपका बसेल, वेतनवाढ थांबेल. ते सोस. केलंयस ते. पण न घेतलेल्या पैशासाठी घर बुडवतोस, बोलायचा कंटाळा म्हणून?

उद्या पहिल्या लोकलनं लोणावळ्याला उतर आणि सरळ औंढ्याला ये. पिशवी आण, कागद सगळे आण, त्या म्हाताऱ्या बाईच्या अर्जाची प्रतही. आधी उत्तराला उशीर झाल्याबद्दलचा अर्ज लिहू, मग दहा वाजता चौकशी अधिकाऱ्यासमोर स्वतः उभा राहा आणि पुढची तारीख विचार. कागदपत्रं पाहायची परवानगी माग. पोच घे. त्या पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का, ते तिथंच बघ, दाराबाहेर आल्यावर नको.