ओट्सची वडी आणि श्रावकाचे व्रत

शास्त्रकारांनी कधी पाहिलाही नसेल असा पदार्थ गृहस्थाच्या स्वयंपाकघरात आला, तर तो भक्ष्य की अभक्ष्य हे कशाच्या आधारे ठरवावे, हा जैन आचारधर्मातील एक मूलभूत प्रश्न आहे. आणि पीनट बटर, ओट्स व चॉकलेट एकत्र थापून ओव्हनमध्ये भाजलेल्या घरगुती वड्या त्या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू एकाच ताटात मांडतात. यातील भुईमूग आणि कोको ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी ती भारतात नव्हती. साहजिकच समंतभद्र, अमृतचंद्र किंवा शांतिसूरी या जुन्या जैन आचार्यांच्या ग्रंथांत त्यांचे नाव सापडत नाही. तरीही हे ग्रंथ त्यांच्याविषयी मूक आहेत असे म्हणता येत नाही, कारण त्यांनी निषिद्ध पदार्थांची यादी दिली त्याबरोबरच निषेध कोणत्या लक्षणांवरून ओळखावा याची रीतही घालून दिली.

अन्न आणि व्रत यांची ही सांगड एका प्रसिद्ध तीर्थाच्या मुळाशीही दिसते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष, म्हणजे अधांतरी मानल्या जाणाऱ्या, पार्श्वनाथाच्या मूर्तीसाठी देशभर ओळखले जाते. मूर्तीचा लेप आणि पूजेचा अधिकार यांवरून दिगंबर आणि श्वेतांबर या दोन संप्रदायांत येथे शतकभराहून अधिक काळ वाद चालला; तो १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सुमारे चार दशके बंद असलेले दर्शन पुन्हा सुरू झाले. या मूर्तीची परंपरागत कथाही, आश्चर्य वाटेल, पण अन्नाशी जोडलेली आहे. जिनपूजेशिवाय अन्न ग्रहण न करण्याचा नियम पाळणाऱ्या, रावणाच्या आप्तांपैकी एका प्रवाशाचा सेवक पूजेची मूर्ती घरीच विसरला, तेव्हा जेवणाची वेळ टळू नये म्हणून त्या सेवकाने वाळूचीच मूर्ती घडवली, असे ही कथा सांगते. तीर्थाच्या मुळाशी चमत्काराच्याही आधी एक आहारनियम आहे, ही गोष्ट न्यायालयीन इतिहासाच्या गर्दीत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पुन्हा वड्यांकडे वळले, तर त्यांच्या घटकांपैकी पहिला आणि सर्वाधिक शंका घेतला जाणारा घटक म्हणजे शेंगदाणा. जमिनीखाली वाढते ते सर्व कंदमूळ, अशी ढोबळ समजूत धरून काही जैन घरांत शेंगदाणा वर्ज्य मानला जातो, तर बहुसंख्य घरांत, अगदी पर्युषणाबाहेर कांदा-बटाट्याला कधीही न शिवणाऱ्या घरांतही, तो नित्य वापरात असतो. यात दुटप्पीपणा आहे असे वरवर वाटते, परंतु निषेधाचे कारण जमीन हे नाहीच. जैन वनस्पतिविचार वनस्पतींचे दोन वर्ग करतो: ज्या शरीरात एकच जीव स्वामी असतो ती प्रत्येक वनस्पती, आणि ज्या एका शरीरात अनंत जीव एकत्र राहतात, एकत्र आहार घेतात आणि एकत्र मरतात ती साधारण वनस्पती, जिला अनंतकाय असेही म्हणतात. अनंतकाय ओळखण्याची लक्षणे श्वेतांबर परंपरेत शांतिसूरींच्या जीवविचारात आणि दिगंबर परंपरेत नेमिचंद्रांच्या गोम्मटसारात जवळजवळ समान आहेत. ज्याच्या शिरा, सांधे आणि पेरे दिसत नाहीत, जे मोडले असता सरळ समान भंगते, ज्यात तंतू नसतात आणि ज्याचा तुकडा लावला असता पुन्हा उगवतो, ते अनंतकाय होय. बटाट्याचा डोळा असलेला तुकडा किंवा आल्याचे पेर मातीत घातले की त्यातून नवे झाड येते. शेंगदाण्याचे तुकडे पेरले तर काहीच येत नाही, कारण अखंड दाण्यातून एकच रोप निघते.

वनस्पतिशास्त्र येथे या निर्णयाला अनपेक्षित आधार देते. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते, तेथेच त्याचे परागण होते, आणि त्यानंतर फुलाच्या बुडातून निघालेली, शेतकरी जिला आरी म्हणतात ती, दांडी खाली वाकून मातीत शिरते व तिच्या टोकाला शेंग धरते. आऱ्या सुटू लागल्या की मातीची भर द्यावी लागते, हे विदर्भात उन्हाळी भुईमूग घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणजे शेंग हे मूळही नाही आणि कंदही नाही. ते जमिनीत जाऊन पिकलेले फळ आहे, आणि त्याच्या टरफलावरील जाळीदार शिरा तर डोळ्यांनीच दिसतात. जमिनीला टेकलेले सारे त्याज्य मानणारी समजूत श्रद्धेने कितीही कडक असली, तरी शास्त्राने दिलेली पारख ती वापरत नाही, आणि त्या अर्थाने ती शास्त्रापेक्षा सैल आहे.

शेंगदाण्याविषयी दुसरी शंका द्विदलाची. ज्या धान्याची दोन दळे होतात ते कच्च्या गोरसाबरोबर, म्हणजे न तापवलेल्या दूध, दही किंवा ताकाबरोबर, मिसळल्यास त्यात तत्काळ जीव उत्पन्न होतात, म्हणून ते मिश्रण वर्ज्य. श्वेतांबर परंपरेची रूढ व्याख्या ज्यातून तेल निघते त्याला द्विदलातून वगळते, त्यामुळे शेंगदाणा सुटतो. दिगंबर परंपरेत तेलबिया आणि मेव्यासाठी काष्ठद्विदल असा वेगळा वर्ग मानणारे मतही आहे. वडीतल्या चॉकलेटमध्ये दूध असले तरी ते तापवून आटवलेले असते, तेव्हा प्रस्तुत पदार्थापुरता हा वाद मिटतो. ओट्सविषयी तर फार बोलण्याचे कारणच नाही, कारण दुकानात मिळणारे चपटे ओट्स लाटण्यापूर्वी वाफवलेले असतात, त्यांची उगवण्याची शक्ती नाहीशी झालेली असते, आणि जैन परिभाषेत ते सचित्त, म्हणजे सजीव, राहिलेले नसतात.

कोकोची गोष्ट इतकी सोपी नाही. कोकोची फळे फोडून पांढऱ्या गरासकट बिया काढतात आणि त्या पेट्यांत भरून किंवा केळीच्या पानांखाली ढीग करून साधारण पाच ते सात दिवस आंबवतात. आधी यीस्ट गरातील साखरेचे मद्यार्क करते, मग जिवाणू त्या मद्यार्काचे आम्ल करतात, ढिगाचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास चढते, बीज मरते, आणि त्या मरणानंतरच चॉकलेटच्या चवीचा पाया तयार होतो. पुढे बिया वाळवून भाजल्या जातात, तेव्हा मद्यार्क उरत नाही आणि अंतिम पदार्थ निर्जीव असतो. परंतु श्रावकाचार, म्हणजे जैन गृहस्थाचा आचारधर्म, अंतिम पदार्थाबरोबर त्याच्या उत्पत्तीकडेही पाहतो. ज्याचा वर्ण, गंध आणि रस बदलला ते चलितरस अन्न त्याज्य सांगितले आहे, आणि आंबलेल्या रसात जन्मणाऱ्या जीवांना आगमांनी रसज असे नाव देऊन त्यांची गणना त्रस, म्हणजे हालचाल करू शकणाऱ्या, जीवांत केली आहे. त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा टाळणे हे तर अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे, किमान स्वरूप आहे.

येथे प्रश्न उरतो तो कृत, कारित आणि अनुमोदित या तीन पायऱ्यांचा: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान्य केलेली हिंसा. घानामधील शेतकऱ्याने आंबवलेले बी शिरपूरच्या गृहिणीने आंबवलेले नसते, तिने ते करवलेलेही नसते. पण विकत घेणे हे अनुमोदन आहे की नाही, यावर सहज उत्तर देता येत नाही. रात्रभर आंबवलेले इडलीचे पीठ कटाक्षाने टाळणारी आणि चॉकलेट मात्र निःशंकपणे वाटणारी कितीतरी घरे आहेत. या विसंगतीचे कारण एवढेच असावे, की पिठाचे फुगणे ओट्यावर डोळ्यांदेखत घडते आणि कोकोचे आंबणे दूरच्या देशात, नजरेआड. कोकोला अभक्ष्य ठरवणारा सर्वमान्य निर्णय नाही हे खरे. तथापि नजरेआड घडलेल्या हिंसेचा विचार वगळून त्याला निर्दोष म्हणणेही शास्त्राच्या रीतीला धरून होत नाही.

बाजारातील तयार बार आणि घरी भाजलेली वडी यांतला फरकही या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. परदेशी पद्धतीच्या कृतीत अंडे, लोणी आणि अनेकदा मध असतो. अंड्याचा निषेध उघड आहे. मध मात्र अधिक सूचक आहे, कारण मद्य, मांस आणि मधु या तीन मकारांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत, म्हणजे ज्यांवाचून श्रावकपणच सिद्ध होत नाही अशा गुणांत, येतो. उलट भारतीय अन्नकायद्याने मांसाहाराच्या व्याख्येतून दूध आणि मध स्पष्टपणे वगळलेले असल्याने मध घातलेल्या बारवर हिरवा ठिपका रीतसर छापला जातो. हिरव्या ठिपक्यावर विसंबणारा श्रावक शासनाच्या व्याख्येने शाकाहारी राहतो आणि स्वतःच्या व्रताने चुकतो. लोण्याचेही तसेच: ताकातून काढल्यावर अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, कढवले नाही तर त्यात जीवोत्पत्ती मानली आहे, म्हणून घरच्या वडीत लोण्याच्या जागी तूप येते. मधाऐवजी गुळाचा पाक घातला की तो ओट्सना धरून ठेवतो, अंड्याचे काम शेंगदाण्याची चिकट, तेलकट पूड करते, आणि १७५ अंशांच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटे भाजून, निवल्यावर सुरी फिरवली, की वड्या मोडत नाहीत. व्रतामुळे पाककृतीचे काही बिघडत नाही. फार तर ती चिक्कीच्या जवळ सरकते.

भाजण्याचा विचार आला की अग्नीचा येतो. जैन मते अग्नी हाही एकेंद्रिय जीवांचा समूह, म्हणजे तेजस्काय, आहे, आणि म्हणूनच मुनी स्वतः चूल पेटवत नाहीत. गृहस्थाला मात्र आरंभी हिंसेची, म्हणजे घरकामात अपरिहार्य असणाऱ्या हिंसेची, मुभा आहे, विवेक मात्र सुटलेला नाही. विजेचा ओव्हन या चौकटीत कुठे बसतो, यावर विसाव्या शतकात बराच ऊहापोह झाला. श्वेतांबर तेरापंथ संप्रदायाने वीज अचित्त, म्हणजे निर्जीव, मानली, तर मूर्तिपूजक परंपरेतील अनेक साधू तिला सचित्त तेजस्काय मानून ध्वनिवर्धकही टाळतात. गृहस्थासाठी हा वाद काहीसा दूरचा आहे, कारण गॅसच्या ज्योतीविषयी कोणालाच शंका नाही आणि तो तिच्यावर रोज स्वयंपाक करतोच.

काळाची मर्यादा मात्र दूरची नाही. दळलेले पीठ पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसच चालते, असा दिगंबर आचार आहे. श्वेतांबर परंपरेत मिठाईसाठी हाच काळ अनुक्रमे पंधरा, वीस आणि तीस दिवसांचा आहे. शेंगदाण्याचे तेल हवेने खवट होते आणि दमट दिवसांत दाण्यावर बुरशी धरते, हे लक्षात घेतले तर पावसाळ्याची मर्यादा सर्वांत आखूड का, हे वेगळे सांगावे लागत नाही. बुरशीला तर जैन विचाराने अनंतकायातच घातले आहे. महिनोन्महिने टिकावा म्हणून बनवलेला वेष्टनातील बार या नियमापुढे मुळातच उभा राहू शकत नाही.

या सर्व कसोट्यांना उतरलेली वडीदेखील एका ठिकाणी अडते. २०२२ मध्ये आचार्य विद्यासागर यांचा चातुर्मास, म्हणजे पावसाळ्यातील चार महिन्यांचा एका ठिकाणचा मुक्काम, शिरपूर जैन येथे झाला. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९४६ मध्ये जन्मलेल्या या दिगंबर आचार्यांनी मीठ आणि साखर यांचा दीर्घकाळ त्याग केलेला होता. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, आणि तो देण्यासाठी गृहस्थ जे शुद्ध स्वयंपाकघर मांडतात त्याला चौका म्हणतात. चौक्यात धान्य निवडून घरीच दळलेले असावे लागते, पाणी गाळून उकळलेले असावे लागते, आणि कारखान्यात भरलेले ओट्स किंवा कोको तेथे येऊच शकत नाही. वडी घरात भक्ष्य ठरते ती चौक्याच्या उंबऱ्याबाहेरच.

ही अडचण केवळ शुद्धीची नाही. तत्त्वार्थसूत्राने सांगितलेल्या सहा बाह्य तपांत रसपरित्याग हे एक आहे, आणि दिगंबर परंपरा ज्या सहा रसांची गणना करते ते दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ असे आहेत. दही सोडले तर या वडीत पाच रस एकत्र येतात. यांपैकी कोणताही रस पाप नाही. तरी त्यांचा त्याग हे तप आहे, कारण चवीने जीभ ज्या ओढीला लागते ती ओढ, म्हणजे राग, कर्मबंधाचे कारण मानली आहे. अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसेची व्याख्याच अशी केली, की रागादी भावांची उत्पत्ती हीच हिंसा आणि त्यांची अनुत्पत्ती हीच अहिंसा. ही व्याख्या मान्य केली, तर अंडे, मध आणि लोणी वगळून सिद्ध केलेली वडी हपापून खाणारा आणि तीच वडी अर्धी मोडून बाजूला ठेवणारा यांच्यात जो भेद आहे, तो कोणत्याही वेष्टनावर छापता येत नाही. अर्थात या विचाराचा विपर्यासही सोपा आहे: भाव शुद्ध असला की काहीही खावे, असे म्हणणारे सर्वच धर्मांत भेटतात. अमृतचंद्रांनी ती पळवाट बंद केली आहे. परवस्तूमुळे स्वतः हिंसा घडत नसली, तरी परिणामांच्या शुद्धीसाठी हिंसेची स्थाने सोडलीच पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून वस्तूचा विचार आधी आणि भावाचा नंतर. पहिला टाळून दुसऱ्याकडे जाता येत नाही.

समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या दोन्हींना जोडणारे व्रत सांगितले आहे, ते भोगोपभोगपरिमाणाचे. भोग म्हणजे अन्नाप्रमाणे एकदाच वापरता येणारी वस्तू, उपभोग म्हणजे वस्त्राप्रमाणे पुन्हा पुन्हा वापरता येणारी, आणि दोहोंची मर्यादा स्वतः आखून घेणे हे व्रत. ज्यात फळ थोडे आणि घात फार, असे ओले आले, मुळा, लोणी यांसारखे पदार्थ ते सरळ सोडायला सांगतात. ओले असे विशेषण त्यांनी मुद्दाम घातले आहे, आणि अनेक जैन घरांत आले वर्ज्य असून सुंठ चालते. याखेरीज जे निषिद्ध नाही, पण ज्याच्यावाचून चालू शकते, त्याचाही त्याग ते व्रतात धरतात. आजन्म त्यागाला ते यम म्हणतात आणि ठरावीक काळापुरत्या त्यागाला नियम. आणि हा काळ आजचा दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू किंवा सहा महिन्यांचे अयन असा कितीही असू शकतो, अशी मोकळीक देतात. वड्यांचा डबा भरलेला असताना फक्त उद्या सूर्यास्तापर्यंत गोड न खाण्याचा नियम घेणारा गृहस्थही, या मोजणीनुसार, व्रतीच आहे.