बंद खोलीतला श्वास

सफरचंद वरून धड दिसते आणि आत गाभ्यात कॉडलिंग पतंगाची अळी बसलेली असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, अशी फळे दूर पाठवण्याआधी आतली कीड मारण्यासाठी, हवाबंद खोलीची एक पद्धत विकसित झाली. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणायचा, कार्बन डायऑक्साइड 15 टक्क्यांपर्यंत चढवायचा आणि खोली हळूहळू 46 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. उष्णतेने अळीची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच तो मिळत नाही. काही तासांत ती मरते; फळावर विषाचा अंशही उरत नाही. अशा उपायाला कुणी ‘अहिंसक’ म्हटले तर ते चटकन पटते. मला मात्र हा शब्द इथे खोटा वाटतो, आणि तो बाजूला ठेवल्याशिवाय या पद्धतीची खरी किंमत ठरवता येणार नाही.

जैन विचारात हिंसा म्हणजे प्रमादाने, म्हणजे बेसावधपणे, प्राण हिरावणे. प्राण दहा मानले आहेत: पाच इंद्रिये, मन-वाणी-कायेची तीन बले, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. म्हणजे विष न घालता नुसता श्वास काढून घेणे ही हिंसेतून सुटण्याची वाट नव्हे, ती शब्दशः हिंसाच आहे. नांगराखाली गांडूळ मरते तेव्हा शेतकऱ्याला नांगरायचे असते, मारायचे नसते. म्हणून गृहस्थाला उद्योगी हिंसेची सवलत आहे, संकल्पी हिंसेची नाही. ही खोली तर मरण घडवण्यासाठीच बंद केली जाते. शिवाय आत श्वास घेणारे दोघे आहेत. तोडलेले फळही श्वसन करत असते, आणि जैन दृष्टीने वनस्पतीलाही स्पर्शाचे एक इंद्रिय आहे. प्राणवायू फार वेळ रोखला तर फळ आतून आंबते, त्याला मद्याचा वास येऊ लागतो. अळी मरावी आणि फळ तगावे, एवढ्या अरुंद फटीत हे सारे तंत्र उभे आहे.

तरीही मी या पद्धतीच्या बाजूचा आहे, कारण तिच्या हिंसेला हद्द आहे. आपल्याकडे ज्वारीचे पेव लिंपून बंद केले की दाणे आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवत. नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणारा माणूसही गुदमरू शके. पण वारा खेळला की धोका सरे. याच कामासाठी दिली जाणारी मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी अशी सरत नाही. तो वायू ओझोनच्या थरापर्यंत पोचतो. म्हणूनच माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांनी 2015 पर्यंत त्याचा वापर थांबवायचे ठरले. मात्र निर्यातीपूर्वीच्या कीडप्रतिबंधासाठी सूट राहिली. अळी दोन्हीकडे मरते, पण एकीकडे तिच्याबरोबर ज्यांचा काही संबंध नाही तेही भरडले जातात.

कुणी म्हणेल, अळीला यातना कळतात कुठे? पण आपला प्रश्न केवळ तिच्या यातनेचा नाही, मारणाऱ्याच्या सावधपणाचाही आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: मारणे टाळायचे तर फळे दूर पाठवूच नका. पण कीड नव्या मुलखात शिरली तर तिथल्या बागांत वर्षानुवर्षे फवारणी होईल. भारतात हा पतंग लडाखपुरता आहे. तो काश्मीरच्या बागांत उतरला तर किती जीव मरतील याचा विचार करावा. या हिशेबाने खोलीतल्या मरणाला परवानगी मिळते, पण त्याचा दोष धुतला जात नाही. मनुस्मृतीने चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही घरातली पाच वधस्थाने सांगितली. ती मोडून टाका असे म्हटले नाही, त्यांच्यापोटी रोजची पाच कर्तव्ये लावून दिली. या खोलीपोटी येणारे कर्तव्य म्हणजे तिच्यात येणाऱ्या अळ्या आधीच कमी करणे. त्याची वाट बागेत आहे: मादीच्या गंधासारखा गंध झाडांवर पसरवून ठेवला की नराला मादी सापडणे अवघड होते आणि फलित अंडी फारशी घातली जात नाहीत. वॉशिंग्टनच्या सफरचंद बागांत हा उपाय मोठ्या प्रमाणावर रूढ आहे.