कोठीची दोन तोंडे

(वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय ४१ व ४७; लूक १२:१६–२१; योहान ६:१–१३)



योसेफाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान लेकरांनाही ठाऊक आहे. फारोच्या स्वप्नातील सात पुष्ट व सात रोड गाई, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा काढून नगरोनगरी भरलेली कोठारे, आणि त्या धान्याने वाचलेले असंख्य प्राण, यांविषयी आम्ही पुष्कळदा उपदेश केला आहे. परंतु उपदेशक बहुधा एकेचाळिसाव्या अध्यायापाशी थांबतो. आज आपण सत्तेचाळिसावा अध्यायही उघडू या. दुष्काळ वाढला तेव्हा मिसरी लोकांनी प्रथम पैसा देऊन धान्य घेतले. पैसा सरला, तेव्हा गुरेढोरे दिली. गुरे सरली, तेव्हा जमीन दिली, आणि जमिनीबरोबर आपले देहही देऊन ते फारोचे दास झाले. राजाची कोठारे भरलेली होती. लोकांच्या घरच्या कणग्या भरलेल्या होत्या असे मात्र शास्त्र कोठे सांगत नाही. त्यांचे प्राण वाचले ही देवाची मोठी दया होय. तरी ज्याच्या घरात दाणा नाही त्याची मोकळीक दुसऱ्याच्या कोठारात अडकून पडते, हा धडाही तेथेच आहे.

बीड जिल्ह्यातील वाचकांस हा धडा दूरचा वाटू नये. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. १८७६ ते १८७८ व १८९९–१९०० हे मोठे दुष्काळ आपल्या पणज्यांनी भोगले. १९७२ सालच्या दुष्काळात खडी फोडून व परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांतील कित्येक आजही मंडळीत बसतात. पण मोठा दुष्काळ काही वर्षांनी येतो. लहान दुष्काळ गरिबाच्या घरी दर साल येतो. रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास घरी येते. नवी बाजरी भाद्रपद-आश्विनाशिवाय दिसत नाही. मध्ये आषाढ-श्रावणात कणगीचा तळ लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुकादम उचल घेऊन दारी येतो. हिवाळ्यात जो कोयता उसाच्या फडात चालावयाचा, त्याची किंमत पावसाळ्यातच ठरून जाते. उचल घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. आजार, लग्न, आटलेली विहीर, अशी त्याची कारणे आम्हांस ठाऊक आहेत. परंतु केवळ दोन पोती ज्वारीवाचून जी उचल घ्यावी लागते, ती तरी टाळता येईल काय, एवढेच आम्ही विचारतो. आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. घरात अन्न कमी पडले म्हणजे ते पहिल्याने आईच्या ताटात कमी पडते, आणि ती कोणास सांगत नाही.

म्हणून आधी हिशेब करावा. घरात पाच माणसे असून माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले, तर महिन्यास ६० किलो लागते. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, म्हणजे पाच माणसांस २५ किलो. राहिले ३५. पावसाळ्याचे चार महिने धरिले तर १४० किलो झाले. हा डोंगर नव्हे. ज्यांस शेत आहे त्यांनी खळ्यावरूनच एवढे वेगळे काढावे. ज्यांस नाही, त्यांनी कारखान्यावरून परतल्यावर, बाजारात नवी ज्वारी असते तेव्हा, हाती जे थोडके उरेल त्यातून पहिली खरेदी दाण्याची करावी. आणि दिवाळीच्या सुमारास फडाकडे निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा व लेकरांचा वाटा मोजून त्यांच्या हाती द्यावा.

मग साठा राखावा कसा? दाणा दाताखाली कट्कन फुटेल इतका वाळवावा. ज्वारी-गव्हात शंभरात बारा भागांहून अधिक ओल राहिली म्हणजे कीड व बुरशी लागण्याचा धोका वाढतो. उन्हातले तापलेले धान्य तसेच न कोंडता निवू द्यावे. पोती भिंतीस वा भुईस टेकवू नयेत. खाली विटा व फळ्या घालाव्या. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावी. कणगीच्या भेगा शेणामातीने लिंपाव्या. सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला धान्यात घालावा, डाळीस तेलाचा हात लावावा, बियाण्यास चाळलेली राख चोळावी. विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात कदापि ठेवू नयेत. त्या किड्यास मारतात तशा माणसासही मारतात. जुने पेव उघडताच कोणी आत उतरू नये, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. बियाणे खाण्याच्या धान्यापासून वेगळे बांधावे, आणि भुकेच्या दिवशीही त्याची गाठ सोडण्यापूर्वी दोनदा प्रार्थना करावी.

एक चूक आम्ही स्वतः केलेली आहे. एके वर्षी शिल्लक ज्वारीवर आम्ही नवी ज्वारी ओतली व वरूनच काढून खात राहिलो. तळाची तशीच राहिली. पावसाळ्यात कोठी उपसली तो सोंड्यांनी खालचा थर पोखरून त्याचे पीठ केले होते, व कीड वरपर्यंत चढली होती. पुढे बालाघाटातल्या एका वाडीत प्रार्थनेस गेलो असता ही गोष्ट एका वृद्ध आईस सांगितली. तिने आपली पत्र्याची कोठी दाखविली. तिला वर झाकण होते व तळाशी एक लहान तोंड होते. आई म्हणाली, “पाळकसाहेब, नवं वरून वतायचं अन् जुनं खालून काढायचं. खालचं तोंड उगीच केलेलं न्हाई.”

बंधूंनो, त्या दिवशी आम्हांस लूकच्या शुभवर्तमानातील धनवान मनुष्य आठवला. त्याचे पीक चांगले आले, हे पाप नव्हे. त्याने ते साठविले, हेही पाप नव्हे. पण त्याच्या कोठारास एकच तोंड होते, आत घेण्याचे; बाहेर देण्याचे तोंड त्याने ठेवलेच नाही. उलट, ज्या घरास केवळ बाहेर जाण्याचे तोंड आहे, जेथे सुगीचा दाणा लग्नाच्या पंगतींत व दारूच्या दुकानी जातो, ते घर आषाढात रडते. साठा करणे म्हणजे अविश्वास, असेही कोणी म्हणू नये. रानात आज्ञेवाचून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, पण शब्बाथासाठी आज्ञेप्रमाणे ठेवलेला मान्ना नासला नाही. आणि ज्या प्रभूने पाच भाकरींनी हजारो तृप्त केले, त्यानेच उरलेले तुकडे वाया जाऊ न देता गोळा करावयास सांगितले. बारा टोपल्या भरल्या.

तरी एकेकट्या घराची कोठी पुरी पडणार नाही. म्हणून आमची प्रत्येक मंडळीस विनंती आहे : स्वयंपाकाच्या वेळी प्रत्येक घराने एक मूठ दाणा वेगळ्या गाडग्यात टाकावा. मूठ ५० ग्रॅमची धरली तर वीस घरांचा रोज एक किलो होतो, वर्षास ३६५ किलो. तो पंचांनी वहीत लिहून एका कोठीत ठेवावा, आषाढात ज्याचा तळ लागला त्यास द्यावा, व सुगीत बिनव्याजी परत घ्यावा. विधवेकडून परत मागू नये. शेजारी कोणत्या जातीचा वा धर्माचा, हे विचारू नये. सारफथच्या विधवेने मडक्यातल्या शेवटच्या मूठभर पिठातून आधी परक्यासाठी भाकर केली होती.

आज घरी गेल्यावर कोठीचे झाकण उघडा. किती आहे ते मोजा, तळाशी जुने काय पडले आहे ते पाहा, आणि आळीत कोणाची चूल दोन दिवस पेटली नाही हेही पाहून या. दोन्ही तोंडे उघडी ठेवणाऱ्या घरावर परमेश्वराची कृपा राहो. आमेन.