जळाला तो दोषी?

घरातले एखादे यंत्र बंद पडले की आपण झाकण उघडतो आणि आत काळे पडलेले काही दिसते का ते पाहतो. जळकट वास आला, एखाद्या भागावर काजळी दिसली, की मनाला बरे वाटते. सापडला! तो काढावा, नवा घालावा, विषय संपला. माणसांच्या बाबतीतही आपला न्याय बहुधा याच चालीने चालतो. जो कोसळला त्याच्यातच काही खोट असणार. हा न्याय कितपत खरा, याचा विचार मला पुस्तकांपेक्षा घरगुती स्टिरिओ अॅम्प्लिफायरने अधिक करायला लावला.

अॅम्प्लिफायरमध्ये वारंवार जळतात ते शेवटचे, स्पीकरला वीज पुरवणारे ट्रान्झिस्टर. आपल्याकडच्या जुन्या सेटमध्ये २एन३०५५ आणि एमजे२९५५ ही जोडी ओळखीची. धातूची टोपी घातलेले हे दोघे पाठीमागच्या पंखेदार अॅल्युमिनियमवर बसलेले असतात. स्वराची लाट एका बाजूला गेली की एकाने ओझे ओढायचे, दुसऱ्या बाजूला गेली की दुसऱ्याने. ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर जाताना हिसका बसू नये म्हणून दोघांतूनही सतत थोडा प्रवाह चालू ठेवतात; त्याला बायस म्हणतात. तो असतो पंचवीस-तीस मिलिअॅम्पिअर. कमी पडला तर हळू आवाजात स्वर खरखरीत होतो. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतो, आणि तापलेला ट्रान्झिस्टर त्याच व्होल्टेजवर आणखी प्रवाह ओढतो, म्हणून आणखी तापतो. सिलिकॉनचा हा स्वभावच आहे: उष्णता एक अंशाने वाढली की त्याला लागणारे व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. हा बायस ठरवून देणारा एक चिमुकला फिरता रेझिस्टर आत कुठेतरी असतो. त्याचे नाव प्रीसेट. पेचकसाने एकदा फिरवून ठेवायचा आणि विसरून जायचे.

टिळकवाडीतले एक गृहस्थ आपला सेट घेऊन आले, तेव्हा त्याची डावी बाजू तिसऱ्यांदा गेलेली होती. "मास्तर, दोनदा नवे ट्रान्झिस्टर घातले की हो! त्या माणसानं डुप्लिकेट माल घातला बघा. चोर आहे." दुसरा आरोपी घरातच होता. पहिल्यांदा सेट गेला तो नातवाने सिनेमाची गाणी कानठळ्या बसतील अशी लावली होती तेव्हा. त्या दिवसापासून पोराला सेटला हात लावायची बंदी होती.

मी जळालेली जोडी काढली, नवी बसवली, पण सेट सरळ विजेला जोडला नाही. मध्ये साठ वॅटचा एक साधा दिवा सिरीजमध्ये घातला. आत काही घोटाळा असला तर दिवा पेटतो आणि पाव अॅम्पिअरपलीकडे प्रवाह जाऊ देत नाही. नवे ट्रान्झिस्टर वाचतात. दिवा क्षणभर उजळला आणि विझत आला. स्पीकर सोडवलेलाच होता. ट्रान्झिस्टरला जोडलेल्या ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावला, बारा मिलिव्होल्ट. म्हणजे पंचवीस मिलिअॅम्पिअर, अगदी हवे तेवढे. इथे कोणीही म्हणेल, झाले काम. मग मी पेचकसाच्या प्लॅस्टिकच्या मुठीने प्रीसेटला हलकीशी टिचकी मारली आणि दिवा भक्कन पेटला. दुसरी टिचकी, दिवा मंद. प्रीसेटच्या फिरत्या पट्टीचा स्पर्श सुटत होता. बेळगावच्या पावसाळ्याचा दमटपणा वर्षानुवर्षे खाल्ल्यावर असे होते. पट्टी सुटली की बायस बेफाम वाढतो, आणि जळतो तो मात्र बिचारा टोपीवाला.

न्यायशास्त्रात कार्यकारणभाव शिकवताना घड्याचे उदाहरण देतात. घडा होण्याआधी माती होती, कुंभार होता, काठी होती. माती वाहून आणणारे गाढवही होते आणि कुंभाराचा बापही होऊन गेला होता. आधी असलेले सगळेच कारण नव्हे. गाढव आणि बाप हे 'अन्यथासिद्ध', त्यांना हिशेबात धरायचे नाही. त्या गृहस्थांना मी विचारले, दुसऱ्यांदा सेट गेला तेव्हा काय लागले होते? कुमार गंधर्वांची कॅसेट, रात्री, हळू आवाजात. (कुमारांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, हे बजावल्याशिवाय बेळगावकर ती कॅसेट लावत नाही.) आणि तिसऱ्यांदा? सकाळी धारवाड केंद्र. म्हणजे मोठा आवाज नसतानाही सेट जळला होता. इथे व्यतिरेक जुळत नव्हता, आणि तो तपासायला मीटर लागत नाही. नातू या प्रकरणातले गाढव होता. तरी तीनपैकी एकाच वेळेची आठवण घरात टिकली, कारण त्या वेळेला दोष द्यायला माणूस मिळत होता.

"मग आता वाजव म्हणून सांगतो त्याला," गृहस्थ म्हणाले. एवढ्याने भागते का? ट्रान्झिस्टर बदलला की त्याला काही सांगावे लागत नाही. बंदी उठवणे ही कृपा झाली. बंदी मुळातच चुकीची होती हे सांगणे वेगळे, आणि ते आजोबांना मराठीत जड जाते तसेच कानडीतही जड जाते.

राहिला तो दुरुस्तीवाला. मी त्याला ओळखत नाही, पण चोर म्हणायला तयार नाही. त्याने घातलेले ट्रान्झिस्टर माझ्या समजुतीने चांगलेच होते. त्याने जळालेले बदलले, सेट वाजला, त्याने पैसे घेतले. हे का जळाले, एवढे मात्र त्याने विचारले नाही. न विचारणे हे पाप आहे का? त्याच्या बाकावर पाच-सहा सेट वाट पाहत असणार, आणि समोर उभे असलेले गिऱ्हाईक म्हणणार, "जुना पार्ट दाखवा." पार्ट दाखवता येतो. दीड तास विचार केला, तो कसा दाखवायचा? प्रीसेटची किंमत एका चहाएवढी. चहाच्या किमतीच्या वस्तूवर दीड तासाची मजुरी लावली असती, तर याच गृहस्थांनी त्याला तेव्हाच चोर ठरवले असते. वस्तूचे पैसे आपण बिनतक्रार देतो, 'का' विचारण्याचे देत नाही. आणि मग तीच वस्तू तीनदा विकत घेतो. त्या दुरुस्तीवाल्याच्या न विचारण्यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही.

तरीही प्रीसेट हाच खरा गुन्हेगार, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फिरती पट्टी कधी ना कधी सुटणारच. प्रश्न आहे तो, सुटल्यावर काय व्हावे हे कोणी ठरवले? त्या सेटमध्ये पट्टी बायसच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला अशी जोडली होती की ती सुटली की तो ट्रान्झिस्टर बंदच पडावा आणि सारा भार पुढच्या जोडीवर कोसळावा. तोच प्रीसेट बेस आणि एमिटर यांच्यामध्ये नुसता रेझिस्टर म्हणून बसवला, तर पट्टी सुटल्यावर बायस उलट कमी होतो. खर्च तेवढाच, सोल्डरचे टाके तेवढेच. आराखडा काढणाऱ्याला हे सुचले नाही, की त्याने कुठून तरी नकाशा उचलला, कोण जाणे. पण यंत्र असो, संस्था असो की घर, मांडणी करणाऱ्याची जबाबदारी मी इथे मोजतो: बिघडायचेच असेल तर ते कोणाच्या अंगावर बिघडावे, याचा विचार त्याने केला होता का?

मी नवा प्रीसेट घातला आणि जोडणी बदलली. तोही केव्हातरी सुटेल. तेव्हा हळू आवाजातला स्वर थोडा खरखरीत होईल, आणि घरातले कोणीतरी म्हणेल, सेट एकदा दाखवायला हवा.