अंग उठत नाही

आमच्या वर्धा जिल्ह्यात आळशी माणसाचे फार हाल होतात. इथल्या मातीतच श्रमाचा उपदेश मुरलेला. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला आले, त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि मुलांनी हाताने काम करीत शिकावे, असा विचार तिथून देशभर गेला. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. वर्षानुवर्षे मुलांकडून श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहून घेतो. त्यांतला आळशी माणूस शेवटी हमखास पस्तावतो. धाकटी बहीण घरी येऊन अंथरुणाला खिळली, तेव्हा तो पस्तावा माझ्याच वाट्याला आला.

२०२१ साली ती करोनातून बरी झाली. ताप गेला, खोकला गेला, तपासण्यांचे कागद सगळे चांगले आले. अंग मात्र उठले नाही. सासरी काही महिने वाट पाहिली गेली आणि मग ‘कामाच्या वेळीच हिचे दुखते’ अशी कुजबुज सुरू झाली. मी तिला माहेरी आणले, पण ते मोठ्या मनाने नव्हे. आतून मलाही तसेच वाटत होते. फक्त मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे माझ्या संशयाला शब्द जरा बरे सापडले. मी म्हणालो, हिचे मन उदास झाले आहे.

उदास मनावर उपाय म्हणजे हिंडणे-फिरणे. “चाल, पवनारले जाऊ. जरा हवा लागली का मन रमते,” मी म्हणालो.

“दादा, मन तं रमलेलंच आहे. मले सारं करावं वाटते. आंगच उठत नाही.”

मी ते ऐकले न ऐकलेसे केले. बसने पवनारला गेलो, धामच्या काठाने फिरलो, विनोबांच्या आश्रमात बसलो. ती हसली, बोलली. येताना ‘आज भाकरी मीच करते’ म्हणाली. मला अगदी जिंकल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जी पडली ती अकरा दिवस. पाण्याचा तांब्या उचलवेना, खिडकीतला उजेड सोसवेना, बोलता बोलता साधे शब्द आठवेनात.

पुढे एका डॉक्टरांनी विचारले, “फिरून आल्यावर दुसऱ्या दिवशी काय झाले?” हे विचारणारे ते पहिलेच. आजाराचे नाव त्यांनी सांगितले: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. नैराश्यात बहुधा गोडीच जाते. आवडते गाणे, पोटचे पोर, सणाचा दिवस, काही हवेसे वाटत नाही. या आजारात हवेसे सगळे वाटते, अंग पुरत नाही. नैराश्यातल्या पुष्कळांना चालणे-फिरणे मानवते. इथे बेताबाहेरच्या श्रमाची वसुली एक-दोन दिवसांनी होते, सावकारी व्याजाने, आणि झोपेने ती फिटत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हे लक्षण निदानाला आवश्यक मानले. २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेने ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना उपचार मागे घेतला. अर्थात दीर्घ दुखण्यात नैराश्यही येते. दोन्ही एका देहात नांदू शकतात. आणि ज्यावर बोट ठेवून ‘हे पाहा’ म्हणावे, अशी रक्ताची तपासणी अजून नाही.

कागद नसला की माणसे स्वभावावर घसरतात. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात सुमारे तीनशे माणसे, बहुतेक तिथलेच कर्मचारी, अशा दुखण्याने पडली. रुग्णालय काही आठवडे बंद ठेवावे लागले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी चाळून तो सामूहिक उन्माद ठरवला. पडलेल्यांत स्त्रिया फार, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार! रुग्णांना त्यांनी तपासले नव्हते.

आता माझी खरी अडचण सांगतो. हे सगळे कळल्यावर मी अभिमानाने सांगत सुटलो, “हिचा आजार मनाचा नाही, खरा आहे!” शाळेतल्या एका सहकाऱ्याने ते ऐकले. तो नैराश्यावर गोळ्या घेतो. तो एवढेच म्हणाला, “मंग माहा खोटा आहे का, गुरुजी?”

मला उत्तर सुचले नाही. बहिणीला सोडवताना मी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. ‘शरीराचा की मनाचा’ असे विचारताना आपल्याला बहुधा ‘खरा की खोटा’ एवढेच विचारायचे असते. उपचारासाठी भेद हवाच. पवनारची ती चूक मी विसरणार नाही. परंतु विश्वास ठेवायला तो भेद कशाला लागावा? गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची एक पाहणी झाली, ती २००५ साली छापून आली. शंभरांत बाराजणी सहा महिन्यांहून अधिक काळ थकलेल्या होत्या. त्या थकव्याचा धागा रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जुळला नाही. जुळला तो गरिबीशी, मनस्तापाशी, नवऱ्याच्या जाचाशी. तो थकवा माझ्या बहिणीच्या आजाराहून निराळा. म्हणून काय तो कमी खरा?

सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. श्रमाचा एवढा कडक नेम असलेल्या त्या वसाहतीत त्यांना जागा मिळाली. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. सहलीत मुलांना ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो. यंदा सांगताना थबकलो. शास्त्रींचा रोग डोळ्यांना दिसत होता. दिसला नसता, तर आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडे सूतकताईचा हिशेब मागितला असता का? मुलांपुढे मी तो प्रश्न काढला नाही.

गेल्या दिवाळीत बहिणीने खुर्चीवर बसून सहा करंज्या भरल्या आणि “बस” म्हणून ती आत जाऊन पडली. सातवी मी भरली. ती तेलात फुटली. “कड दाबली नाही तू, दादा,” असे आतून ऐकू आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हळूच तिच्या खोलीत डोकावलो. ती उशीला टेकून दिवाळी अंक चाळत होती.