स्वखुशीने

मोताळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत परवा जाणं झालं. वीज गेली, पंखा थांबला, तेव्हा पात्यांवरची लाल अक्षरं वाचता आली. आईच्या स्मरणार्थ, मुलाकडून. गावातल्याच कोणी कपाशीच्या पैशातून तो दिला होता. पंख्याखाली कोणाचं लेकरू बसणार, हे काही देणाऱ्याने लिहून घेतलं नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘रयत’ शिक्षण संस्थेसाठी बायकांनी मुष्टिफंडात मूठ-मूठ धान्य टाकलं, तेही असंच.

याला आपण देणगी म्हणतो. दुसरा शब्द डोनेशन. कोशात अर्थ एकच, पण बोलताना आपली कधी गफलत होत नाही: मंदिराला, वाचनालयाला देणगी, ॲडमिशनला डोनेशन. पहिल्यात देऊन मोकळं व्हायचं असतं, दुसऱ्यात काही विकत घ्यायचं असतं.

कायद्यानेही हा फरक केला आहे. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांचं पेव फुटलं आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठीच्या डोनेशनवर, बंदी आणावी लागली. संस्थेने देणगी जरूर घ्यावी, पण तिच्या बदल्यात जागा राखू नये, असं त्या कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांनाही तेच बजावलं. उकळलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड ठेवला. तरीही व्यवहार चालतो, कारण तक्रार करणार कोण? पैसे दिले त्याला जागा मिळालेली असते. ज्याची जागा गेली, त्याला ती कशाने गेली हे कळतच नाही.

नामांकित शाळेतल्या जागेचा भाव पैसेवाल्या घरांनी चढवला. सभागृहावर आजोबांचं नाव लागलं की नातवाचा अर्ज कोण अडवणार? त्यांना ती रक्कम जड नसते. आमच्याकडे तो भाव गाठायला कोणी बैलजोडी विकतो, कोणी पोत गहाण टाकतो. लेकरासाठी एवढं करतो, म्हणून त्याचं कौतुकही होतं. मला या कौतुकाची फार भीती वाटते.

कारण मीही हे केलं आहे. मुलाच्या पाचवीच्या प्रवेशासाठी शहरातल्या एका शाळेत सोयाबीनचे आलेले पैसे मोजून दिले. पावतीवर छापलेलं होतं, ‘इमारत निधीस स्वखुशीने’. मी खाली सही केली.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. मुलीचं प्रगतिपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी सपाट धरलेलं. जागा भरल्या, असं शिपायाने तिला नुकतंच सांगितलं होतं.

“तुमचं झालं का भाऊ?”

“हो,” मी म्हणालो.

“नशीब लागते,” ती म्हणाली. मुलीला उठवून ती बसस्टँडकडे निघाली. पावती माझ्या वरच्या खिशातच होती.